हार्टच्या गोळ्या चालू असताना सीपॅप: मास्क टिकत नाही, सकाळी चक्कर येते

तापीथडी_चोपडा

राम राम मंडळी. प्रश्न वडिलांबद्दल आहे. लागेल तेवढी माहिती खाली देतो.

वय ६३, वजन ९२ किलो, उंची ५ फूट ६ इंच. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट टाकला. इकोमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४० टक्के. शुगर नाही. झोपेची तपासणी अटॅकच्या आधीची, मागच्या वर्षी नाशिकला रात्रभर राहून केलेली: एएचआय (तासाला श्वास किती वेळा थांबतो किंवा मंदावतो तो आकडा) ३८, जवळपास सगळे ऑब्स्ट्रक्टिव्ह (घसा बंद झाल्यामुळे), ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरलेला. ऑटो सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं, दाब स्वतः बदलणारं मशीन) तेव्हाच घेतलं, पण नियमित वापर स्टेंटनंतर सुरू झाला. दाब ६ ते १४ वर लावलेला आहे.

सकाळच्या गोळ्या: ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० (या दोन रक्त पातळ करणाऱ्या), रामिप्रिल ५, मेटोप्रोलॉल एक्सएल ५०, स्पायरोनोलॅक्टोन २५, टॉरसेमाइड २० (लघवीवाटे पाणी काढणारी).
रात्री जेवणानंतर: टिकाग्रेलॉर ९०, ॲटॉर्व्हास्टॅटिन ४०, टॉरसेमाइड २०, ॲम्लोडिपिन ५ (ही बीपीची जुनी गोळी, अटॅकच्या आधीपासूनची) आणि अल्प्राझोलाम ०.२५ (झोपेची). मास्क सहन होत नाही म्हणून शेवटची गावातल्या डॉक्टरांनी दिली.

त्रास असा: रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात, परत आल्यावर मास्क लावत नाहीत. आडवं झालं की कोरडा खोकला. नाकातून अधूनमधून रक्त. सकाळी उठताना चक्कर, बीपी १०२/६४. घोट्यांना संध्याकाळी सूज. मशीन सरासरी साडेतीन तासांचा वापर दाखवतं, उरलेला एएचआय १४, त्यात ९ 'क्लिअर एअरवे' म्हणून येतात. लीक ३० लिटरच्या पुढे.

हार्टचे डॉक्टर म्हणतात मशीनवाल्याला विचारा, मशीनवाला म्हणतो हार्टच्या डॉक्टरांना विचारा. यातलं कशामुळे काय होतंय आणि आधी काय हाताळायचं?

---

निद्रातपासणी_धुळे

चोपडेकर, माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे बोलता येतं. मी मशीनच्या अहवालापुरतं लिहितो, औषधांचं इतर मंडळी सांगतील.

आधी लीक. ३० लिटरच्या पुढे लीक असेल तर बाकीच्या आकड्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. बऱ्याच मशीनांत २४ लिटर प्रति मिनिट ही वरची हद्द धरतात. हवा बाजूने निसटत असेल तर श्वास थांबला की नुसता मास्क सरकला, हे मशीनला नीट ओळखता येत नाही. ऑटो मशीन मग दाब चढवतं, दाब चढला की मास्क आणखी फुगतो, लीक आणखी वाढतं. म्हणून पहिला आठवडा फक्त मास्क. दाब चालू ठेवून, रात्री झोपतात त्याच कुशीवर आडवं करून पट्टे बसवा. बसून घट्ट केलेला मास्क आडवं झाल्यावर गळतोच, कारण गालाचा आकार बदलतो. दाढीचे खुंट, तेल लावलेला चेहरा आणि जुनं कुशन ही गळतीची आणखी तीन कारणं.

आता 'क्लिअर एअरवे'. याचा अर्थ घसा उघडा आहे, पण श्वास घ्या असा मेंदूचा हुकूमच आला नाही. याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात. मागच्या वर्षी हे नव्हतं, आता तासाला ९ आहेत. मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या: ईएफ ४० वर आला, टिकाग्रेलॉर सुरू झाली आणि सीपॅप सुरू झालं. तिन्ही कारणं खरी असू शकतात.

सीपॅप नवीन असताना काही जणांना असे सेंट्रल थांबे येतात. घसा उघडला की श्वास मोकळा होतो, कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त धुतला जातो आणि त्याची पातळी एका मर्यादेखाली गेली की मेंदू श्वासाचा हुकूम थांबवतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप कमी होतं. हृदय कमजोर असेल तर रक्त फिरायला वेळ लागतो, मेंदूला कार्बन डायऑक्साइडची खबर उशिरा पोचते आणि श्वास लाटेसारखा वाढत-कमी होत राहतो. अशा माणसाला ऑटो दाब सहसा योग्य नसतो. घरी ऑटोवर सोडण्यापेक्षा लॅबमध्ये रात्रभर बसून एक दाब ठरवावा लागतो. तुमची तपासणी अटॅकच्या आधीची आहे, म्हणजे ती आजच्या हृदयाची नाही. छातीच्या किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासणी आणि दाब ठरवण्याची रात्र मागा.

आणि एक गोष्ट जपून. सेंट्रल थांबे दिसले की कुणी 'एएसव्ही' नावाचं (श्वासागणिक दाब बदलणारं) महागडं मशीन सुचवेल. २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईएफ ४५ किंवा त्याखाली आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांत एएसव्ही वापरणाऱ्यांचे हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. नंतरच्या एका अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या एएसव्हीने तसं नुकसान दिसलं नाही, पण ईएफ ४० असताना हे मशीन दुकानदाराच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही. ताजा इको हातात असल्याशिवाय तो विषयसुद्धा काढू नका.

---

अमळनेरकर

टिकाग्रेलॉरने दम लागतो हे वाचलं आहे. मग दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवून मशीनचा आकडा उतरतो का, ते पाहता येणार नाही का?

---

फार्मसी_पाचोरा

अमळनेरकर भाऊ, हे अजिबात करायचं नाही. स्टेंटला चार महिने झालेत. ही गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन थेट दुसरा अटॅक येऊ शकतो. सेंट्रल ॲप्निया त्रासदायक आहे, पण स्टेंट बंद पडणं काही तासांत जिवावर बेततं. दोन्हींची बरोबरी होत नाही.

तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. टिकाग्रेलॉरने दम लागतो हे तिच्या मुख्य अभ्यासातच दिसलं होतं: जवळपास १४ टक्के रुग्णांत, क्लोपिडोग्रेलवर (त्याच कामाची दुसरी गोळी) साधारण ८ टक्के. सेंट्रल ॲप्निया आणि लाटेसारखा श्वास यांची नोंदही आता गोळीच्या अधिकृत माहितीत आहे. म्हणून हार्टच्या डॉक्टरांना हे थेट वाक्य सांगा: "मशीनवर सेंट्रल थांबे तासाला ९ येतात, अटॅकच्या आधीच्या तपासणीत नव्हते, टिकाग्रेलॉर चालू आहे." ते क्लोपिडोग्रेल किंवा प्रासुग्रेलवर बदलायचं की थांबायचं ते ठरवतील. बदलताना पहिला डोस किती आणि शेवटच्या गोळीनंतर किती तासांनी, याचा हिशेब असतो. तो त्यांनाच करू द्या. तोवर सकाळ-संध्याकाळची एकही गोळी चुकवू नका. बारा तासांच्या अंतराने, सकाळी ८ आणि रात्री ८ धरलं तर लक्षात राहतं.

आता तुमच्या यादीकडे. माझ्या मते खरी गाठ ॲम्लोडिपिनपाशी आहे. ही गोळी अटॅकच्या आधीच्या चिठ्ठीतली, बाकीच्या नंतरच्या. दोन चिठ्ठ्या एकत्र झाल्या आणि जुनी कुणी काढली नाही, असं खूपदा होतं. ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. ही सूज पाणी साचल्यामुळे नसते, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो. टॉरसेमाइडने ती फारशी उतरत नाही. पण सूज दिसली म्हणून टॉरसेमाइडचा दुसरा डोस वाढवला जातो. त्याने बीपी उतरतं, लघवी वाढते, रात्री उठावं लागतं आणि उठलं की मास्क निघतो. घोट्यातला द्रव रात्री आडवं झाल्यावर वर सरकतो आणि मानेभोवती, घशाच्या भिंतीत साठतो. घसा आणखी अरुंद होतो, ॲप्निया वाढतो. म्हणजे एका गोळीने सुरू झालेली साखळी थेट मशीनच्या आकड्यापर्यंत येते. १०२/६४ बीपी असताना ती गोळी लागते का, हा प्रश्न डॉक्टरांना पहिला विचारा.

टॉरसेमाइड रात्री जेवणानंतर घेणं चुकीच्या वेळी आहे. तासाभरात काम सुरू होतं, एक-दोन तासांत जोर येतो आणि परिणाम सहा ते आठ तास राहतो. रात्री ९ ला घेतली तर पहाटेपर्यंत उठबस. दुसरा डोस लागतच असेल तर दुपारी २ ते ३ दरम्यान. वेळ बदलायलाही डॉक्टरांना एक फोन करा, बहुतेक लगेच हो म्हणतात. सोबत संध्याकाळी ५ ते ६ पाय उशीवर उंच करून आडवं पडलं तर घोट्यातला द्रव झोपायच्या आधीच रक्तात येतो आणि लघवीवाटे जातो. रात्रीच्या लघवीचं एक कारण खुद्द ॲप्निया आहे, हेही विसरू नका. श्वास अडला की छातीत ओढ बसते, हृदयाचा कप्पा ताणतो आणि शरीर पाणी बाहेर टाकण्याचा संदेश देतं. मास्क रात्रभर राहिला तर ही उठबस कमी होते.

कोरडा खोकला बहुधा रामिप्रिलचा. या वर्गातल्या गोळ्या ब्रॅडिकायनिन साठू देतात, त्याने घसा खवखवतो आणि आडवं झालं की जास्त. पर्याय टेल्मिसार्टन, लोसार्टन, व्हल्सार्टन. त्यावर बदलताना मध्ये खंड लागत नाही. मात्र डॉक्टरांनी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दिली तर रामिप्रिलच्या शेवटच्या गोळीनंतर ३६ तास थांबावंच लागतं, नाहीतर चेहरा-जीभ-घसा सुजण्याचा धोका. बदलल्यावर खोकला जायला साधारण एक ते चार आठवडे, कधी जास्त. पण खोकला गोळीचा आहे असं ठरवण्याआधी एक पाहा: उशा वाढवल्यावर दम कमी होतो का, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं का? तसं असेल तर फुप्फुसात पाणी असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

अल्प्राझोलाम. झोप लागावी म्हणून दिली, पण तिने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास अडल्यावर जाग येण्याची प्रतिक्रिया मंदावते. त्यातही पहाटे मास्क नसतो, तेव्हा ती शरीरात असतेच. रोज घेत असतील तर एकदम थांबवू नका, झोप उडते आणि घाबरं होतं. डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची. मास्कची भीती गोळीशिवाय जाते: दिवसा जागेपणी टीव्हीसमोर अर्धा तास मास्क लावून बसणं, आधी मशीन बंद, मग चालू, आणि रॅम्प (सुरुवातीचा हळूहळू चढणारा दाब) ४ पासून.

सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं उलटी करून वाचा. फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर ती घ्यायची नाही, बीपी चढतं, स्यूडोएफेड्रिनने नाडीही. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन दिवसांच्या वर नको, नंतर नाक उलटं जास्त चोंदतं आणि मास्क असह्य होतो. मिठाच्या पाण्याचा स्प्रे कितीही वेळा चालतो.

---

तापीथडी_चोपडा

खूप आभार. ॲम्लोडिपिनबद्दल खरंच कुणी बोललं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. केळीचा बाग घरचाच, रोज तीन-चार केळी होतात. कुणीतरी 'लो सोडियम' मीठही आणायला सांगितलं आहे. चालेल का? आणि नाकातून रक्त आलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या का?

---

फिजिशियन_भुसावळ

लो सोडियम मीठ आणू नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रामिप्रिल दोन्ही पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात, त्यावर हे मीठ पडलं तर पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचा ठोका बिघडतो, आणि आधी काही लक्षण जाणवेलच असं नाही. साधं मीठच वापरा, पण दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. आपल्याकडे ते भाजीतून कमी आणि शेव, पापड, लोणचं, ठेचा यांतून जास्त जातं. रात्री शेवभाजी-पापड झाले की दुसऱ्या दिवशी घोटे आणि मशीनचा आकडा, दोन्हींवर दिसतं. वांग्याचं भरीत-भाकरी खुशाल खा, मीठ हात राखून.

केळी. मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, चारांत सोळाशे. नारळपाणी त्यावर. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट आधी पाहा. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एका आठवड्याने, मग चौथ्या आठवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी ही तपासणी व्हायला हवी. पोटॅशियम ५ च्या आत आणि किडनी ठीक असेल तर रोज एक केळं चालतं. ५.५ च्या वर असेल तर केळी बंद आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. टॉरसेमाइडचा डोस कमी झाला तर हा रिपोर्ट पुन्हा करा, कारण ती पोटॅशियम बाहेर टाकत होती आणि आता टाकणार नाही.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ देऊ नका. रामिप्रिल, पाणी काढणारी गोळी आणि ही वेदनाशामक, तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर घाव बसतो, आणि पाणीही साचतं. पॅरासिटामॉल चालते. ट्रामाडॉल टाळा, त्याने सेंट्रल थांबे वाढतात.

नाकातल्या रक्तासाठी टिकाग्रेलॉर किंवा ॲस्पिरिन स्वतःहून चुकवायची नाही. ताठ बसवून डोकं किंचित पुढे झुकवा. मागे टाकू नका, रक्त घशात जातं. नाकाचा मऊ भाग चिमटीत सलग १५ मिनिटं दाबा, मध्ये सोडून पाहायचं नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा रक्त घशात सतत उतरत असेल, तर दवाखाना. मूळ कारण कोरडी हवा आहे, ते मशीनकडून सुटेल.

बीपीबद्दल. सीपॅपने बीपी उतरतं, पण सरासरी दोन-तीन अंकांनी. फार जुनं, गोळ्यांना न जुमानणारं बीपी असेल तर थोडं जास्त. साडेतीन तास मास्क लावून १०२ होत नाही. ते टॉरसेमाइड, ॲम्लोडिपिन आणि उन्हाळ्याचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना घाम, कमी पाणी आणि दोन वेळची टॉरसेमाइड एकत्र आली की माणूस उभं राहिल्यावर पडतो. एक आठवडा असं मोजा: सकाळी लघवी झाल्यावर, गोळ्यांच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. संध्याकाळी तसंच. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. शिवाय उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ती नोंद ठळक लिहून न्या. वरचा ९० च्या खाली जाऊ लागला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी मशीनचा जास्त दाबही त्रास देऊ शकतो, कारण छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परत येणारं रक्त थोडं घटतं.

बीपीची गोळी रात्री घेतली तर हृदयाला जास्त फायदा होतो, हे बरेच जण सांगतात. २०२२ च्या टाइम या मोठ्या अभ्यासात २१ हजारांवर लोकांत सकाळ-रात्र असा फरक आढळला नाही. सकाळी चक्कर येत असेल तर वेळेची वाटणी करावी, पण ती डॉक्टरांनी. मेटोप्रोलॉलने कुणाला झोपमोड किंवा भीतीदायक स्वप्नं होतात, ती तुमच्याकडे सकाळी आहे तेच बरं. एक्सएल गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

रात्रीची नाडी एकदा पाहा. श्वास अडतो तेव्हा ठोके मंदावतात आणि सुटल्यावर एकदम धावतात. वर मेटोप्रोलॉल, आणि टिकाग्रेलॉरनेही कधी ठोक्यात खंड पडतो. होल्टरमध्ये (दिवस-रात्र ठोक्यांची नोंद घेणारा ईसीजी) फक्त रात्रीचे खंड दिसले तर पेसमेकरचा निर्णय घेण्याआधी ॲप्निया नीट आवरून पुन्हा होल्टर करावा, असंच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मात्र जागेपणी चक्कर, बेशुद्धी असेल तर वाट पाहायची नाही.

---

मशीनदुरुस्ती_जळगाव

नाकाच्या कोरडेपणाचं मी सांगतो, कारण उन्हाळ्यात ही तक्रार रोज असते.

ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीन चालवत असाल तर आजच चालू करा. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की मशीन ती तशीच जोरात नाकात घालतं आणि आतली त्वचा तडकते. पातळी ३-४ पासून सुरू करून नाकाच्या सोयीने वाढवा. खोलीत कूलर असेल तर हवा आधीच ओलसर असते, मग एखाद दोन पातळ्या खाली. थंडीत उलटं होतं: धुळ्याकडे पहाटे पारा एकदम उतरतो, नळीत वाफेचं पाणी जमून मास्कमध्ये गुळगुळ आवाज येतो आणि माणूस दचकून उठतो. नळीवर कापडी वेष्टण घाला, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा म्हणजे पाणी परत टाकीत जाईल.

टाकीत बोअरचं पाणी नको. इथल्या पाण्यात क्षार भरपूर, आठवड्याभरात तळाला पांढरा थर बसतो आणि गरम पट्टी नीट तापत नाही. मेडिकलवरून डिस्टिल्ड पाणी घ्या. नाही मिळालं तर आरओचं पाणी उकळून थंड करून चार-दोन दिवस चालवता येईल. बॅटरीत टाकायचं पाणी स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात, ते श्वासासाठी बनवलेलं नसतं, वापरू नका. रोज सकाळी उरलेलं पाणी ओता, टाकी उघडी वाळू द्या. थर बसलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास भिजवून भरपूर धुवा. नाकपुडीला व्हॅसलीन लावू नका, मास्कचं सिलिकॉन खराब होतं. पाण्याच्या आधारावरचं जेल मिळतं, ते लावा.

फिल्टर कापसाच्या हंगामात आणि वावटळीच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी पाहा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. बऱ्याच मशीनांची कामाची मर्यादा ३५ अंशांपर्यंत लिहिलेली असते. म्हणून पत्र्याच्या खोलीत, उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

लाइट. रात्री लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास, त्यातले निम्मे धरा. गरम पाण्याशिवाय मशीन ३०-४० वॉट घेतं, रात्र सहज निघते. गरम पाणी आणि गरम नळी चालू असेल तर दुप्पट किंवा जास्त. त्याच इन्व्हर्टरवर कूलर टाकला की मध्यरात्रीच बॅटरी बसते. थेट बॅटरीवर चालवायचं असेल तर अडॅप्टरवर १२ लिहिलंय की २४ व्होल्ट ते वाचा, २४ असेल तर कंपनीचा कन्व्हर्टर लागतो. ज्या रात्री मशीन चालणार नाही त्या रात्री झोपेच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, डोक्याकडची बाजू उंच आणि कुशीवर.

आणि चुंबकाच्या क्लिपचा मास्क असेल तर पेसमेकर किंवा आयसीडीपासून (छातीत बसवलेलं, ठोका बिघडला की शॉक देणारं यंत्र) किमान १५ सेंटिमीटर लांब हवा. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असला तरी हेच. शंका असेल तर हुकाच्या क्लिपचा मास्क घ्या.

---

शिरपूर_ताई

या धाग्यात विचारते, माफ करा. आईला एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची लय बिघडलेली) आहे, अमिओडॅरोन (लय सांभाळणारी) आणि ॲसेनोकुमारोल (रक्त पातळ करणारी) चालू. सीपॅप वर्षभर छान चाललं, आता वजन वाढलंय, घोरणं मास्कमध्येही ऐकू येतं, दिवसभर पेंग. मशीनचा दाब वाढवावा का?

---

फिजिशियन_भुसावळ

ताई, दाबाच्या आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा. अमिओडॅरोनमध्ये आयोडीन खूप असतं, थायरॉइड मंदावू शकतं. मंदावलं की वजन वाढतं, जीभ आणि घशात सूज येते, पेंग येते आणि आटोक्यातला ॲप्निया पुन्हा डोकं वर काढतो. या गोळीवर थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी हवीच. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ॲसेनोकुमारोलचा परिणाम वाढतो, तेव्हा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) लवकर-लवकर पाहा. नवा सुका खोकला किंवा दम असेल तर छातीचा एक्स-रे काढा, अमिओडॅरोन फुप्फुसालाही धरते. मशीन सोडू देऊ नका. ॲप्निया आटोक्यात राहिला नाही तर शॉक देऊन सरळ केलेली लय पुन्हा बिघडण्याची शक्यता वाढते.

---

तापीथडी_चोपडा

हार्टच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. टॉरसेमाइडची वेळ फोनवर विचारली, दुपारी अडीचची करायला सांगितली. सोबत नेमकं काय न्यायचं?

---

निद्रातपासणी_धुळे

एकच कागद करा. डाव्या बाजूला गोळी, डोस, खरी घेण्याची वेळ आणि कुणी लिहिली. ॲम्लोडिपिन आणि अल्प्राझोलामसमोर वेगळ्या चिठ्ठीचा उल्लेख हवा. उजव्या बाजूला मशीनचा मागच्या ३० दिवसांचा सारांश: रोजचे तास, लीकचा ९५ टक्क्यांचा आकडा (९५ टक्के वेळ लीक ज्याच्या आत राहिलं तो), उरलेला एएचआय, त्यातले ऑब्स्ट्रक्टिव्ह किती, सेंट्रल किती, दाब किती. हे मशीनच्या कार्डातून किंवा ॲपमधून निघतं, विक्रेत्याकडे मागा. नुसता 'सरासरी एएचआय' छापून दिला तर परत पाठवा. खाली आठवड्याचं बीपी, उभं राहिल्यावरचं बीपी, रोज सकाळचं वजन, आणि ताजं क्रिएटिनिन-सोडियम-पोटॅशियम. जुना झोपेचा रिपोर्ट आणि शेवटचा इको मूळ प्रतीत. याच कागदाची एक प्रत छातीच्या डॉक्टरांना, म्हणजे टोलवाटोलवी होणार नाही.

पुढे अँजिओग्राफी किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं तर मशीन आणि मास्क सोबत न्या, टाकी रिकामी करून. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्निया असल्याचं आधीच सांगा. गुंगीचं औषध दिल्यावर वॉर्डात पहिल्या रात्री मशीन लागतंच, आणि ते घरी राहिलेलं असतं.